पोशाख आणि पकड

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या शाळांमध्ये विज्ञानाचे साधे प्रयोग घेऊन आम्ही अधूनमधून जातो. अशाच एका शाळेत आंब्याच्या फांदीला मल्लखांबाची दोरी टांगली होती. मुलगे सरसर वर जात होते. आठवीतली एक मुलगी मात्र दोन हात वर जाऊन पुन्हा पुन्हा खाली घसरत होती. हीच मुलगी रानातल्या जांभळावर शेंड्यापर्यंत चढते, असे तिच्या मैत्रिणींनी आम्हांला सांगितले. पण मैदानावरचा निकाल लागून गेला होता: "तिला नाही जमत."

तिच्या अंगात गुळगुळीत कृत्रिम धाग्याची पायघोळ सलवार होती. बाईंनी तिला कोणाची तरी खेळाची चड्डी आणून दिली. ती आत जाऊन बदलून आली आणि चौथ्या प्रयत्नात फांदीला हात लावून उतरली. मग 'जमत नव्हते' ते कोणाला? मुलीला की कापडाला? हा प्रश्न दिसतो तितका लहान नाही. खेळाच्या इतिहासात तो अनेकदा विचारला गेला आहे.

आधी आपला मल्लखांब पाहू. बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' या ग्रंथात मल्लस्तंभाचा उल्लेख येतो. आजच्या मल्लखांबाचे श्रेय मात्र दुसऱ्या बाजीरावाच्या काळातले बाळंभटदादा देवधर यांना दिले जाते. वणीच्या सप्तशृंगीवर माकडांच्या उड्या पाहून त्यांना ही विद्या सुचली, अशी आख्यायिका आहे. मल्लखांब हा मुळात कुस्तीगिराचा सराव, म्हणून पोशाखही कुस्तीचाच आला: लंगोट आणि त्यावर आखूड काछा. बाकी अंग उघडे. यात गरिबी नव्हती की प्रदर्शनही नव्हते. मांडी, पोटरी, बगल, कोपराचा खळगा यांनी खांब धरायचा, तर मध्ये कापड येऊन चालत नाही.

पाठ्यपुस्तकात आपण शिकवतो की घर्षण स्पर्शाच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसते. लाकूड, दगड यांसारख्या कठीण पदार्थांना हा नियम बराचसा लागू पडतो. कातडी मात्र मऊ असते. ती दाबली की लाकडाच्या बारीक खाचाखोचांत बसते, खरा स्पर्श वाढतो आणि पकड घट्ट होते. कोरड्या लाकडावर ही पकड इतकी वाढते की कातडी सोलवटून निघते. म्हणून खांबाला एरंडेल लावतात. ते दाट असल्यामुळे अंग भाजत नाही आणि एकदम निसटतही नाही. थोडक्यात, लाकूड, तेल आणि कातडी या तिघांचा हा करार आहे. त्यात सैल कापड शिरले तर ते कातडी व खांब यांच्यामध्ये सरकते आणि करार मोडतो. दोरीच्या मल्लखांबात पायाचा अंगठा व शेजारचे बोट यांच्यात दोरी धरतात आणि तिचे वेढे मांडीवर, कमरेवर घेतात. तिथेही तेच.

आता दूर युरोपात, बर्फावर जाऊ. फिगर स्केटिंग म्हणजे बर्फावर घसरत गिरक्या आणि उड्या घेण्याचा खेळ. तो संगीतावर होतो, म्हणून निम्मी कलाच. १९०२ साली लंडनच्या जागतिक स्पर्धेत मॅज सायर्स या इंग्रज बाईंनी नाव दिले. स्त्रियांना मनाई करणारा नियमच नव्हता, कारण कोणी बाई येईल असे कोणाला वाटलेच नव्हते! त्या पुरुषांमध्ये दुसऱ्या आल्या. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय संघटनेने स्त्रियांना या स्पर्धेत बंदी केली. एक कारण असे दिले गेले की लांब झग्यामुळे परीक्षकांना पाय दिसत नाहीत. अडचण खरी होती, पण तिच्यावर उपाय झगा आखूड करण्याचा होता. स्पर्धकच बाद करण्याचा नव्हता. १९०६ मध्ये स्त्रियांची वेगळी स्पर्धा सुरू झाली. ती सायर्सबाईंनी जिंकली आणि १९०८ च्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदकही घेतले.

पुढे नॉर्वेच्या सोन्या हेनीने गुडघ्यापर्यंतचा झगा रूढ केला. पाय मोकळे झाल्यावर उड्या आणि गिरक्या यांना वाव मिळाला. तिने १९२८, १९३२ आणि १९३६ अशी सलग तीन ऑलिंपिक सुवर्णपदके मिळवली. १९३६ चे हिवाळी ऑलिंपिक जर्मनीत झाले. त्याच वर्षी बर्लिनच्या उन्हाळी ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने आपले देशी खेळ जगाला दाखवले.

पण कापडाचा वाद तिथेही मिटला नाही. १९८८ साली पूर्व जर्मनीच्या काटारिना विटचा पिसांचा तोकडा पोशाख अनेकांना खटकला आणि त्यानंतर स्त्रियांना नितंब झाकणारा झगा सक्तीचा झाला. त्यांना विजार घालण्याची मुभा मिळायला २००४ साल उजाडले. पोशाखातला एखादा तुकडा बर्फावर पडला तर गुण कापण्याचा नियमही आहे. हा नियम आम्हांला अधिक पटतो. पडलेला मणी पात्याखाली आला तर खेळाडूचा पाय मोडू शकतो. एक नियम पाहणाऱ्याच्या नजरेसाठी, दुसरा खेळणाऱ्याच्या पायासाठी. दोन्हींतला फरक मुलांकडून जरूर काढून घ्यावा.

आपल्याकडेही खांब मुलग्यांचा आणि दोरी मुलींची, अशी वाटणी बराच काळ होती. आता जिम्नॅस्टसारखा अंगाबरोबर बसणारा पोशाख घालून मुली पुरलेल्या मल्लखांबावरही स्पर्धेत उतरतात. फेब्रुवारी २०१९ मध्ये दादरच्या शिवाजी पार्कवर पहिली जागतिक मल्लखांब स्पर्धा झाली. तिथेही मुली होत्या. घट्ट पोशाखाने आणखी एक गोष्ट साधते. गुडघा वाकला का, पाऊल ताणलेले आहे का, हे परीक्षकाला दिसते. म्हणजे खेळाला हवे तेच कलेलाही हवे असते.

"गावात हे चालायचे नाही" असे काही शिक्षक आम्हांला सांगतात. त्यांची अडचण आम्ही हसण्यावारी नेत नाही. पण आषाढात याच गावच्या शेतावर नजर टाकावी. भातलावणीच्या चिखलात बाया लुगड्याचा कासोटा घालून, ते गुडघ्यावर खोचून दिवसभर वाकलेल्या असतात. त्याला कोणी नावे ठेवत नाही, कारण काम तसे मागते हे सगळ्यांना कळते. खेळही काही मागतो, एवढेच पालकांना समजावायचे आहे.

यासाठी वर्गात एक प्रयोग करता येईल. ५० सेंटिमीटर लांबीची गुळगुळीत फळी घ्या. एका विटेला आधी सुती, मग कृत्रिम धाग्याचे कापड आणि शेवटी सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळा. वीट फळीवर ठेवून फळीचे एक टोक हळूहळू उचला. वीट घसरू लागताच ते टोक किती उंच आहे आणि त्याच्या बरोबर खालच्या बिंदूपासून टेकलेले टोक किती दूर आहे, ते मोजा. उंचीला या अंतराने भागले की घर्षणांक मिळतो. उंची ३० आणि अंतर ४० सेंटिमीटर असेल तर घर्षणांक ०.७५. नंतर फळीला एरंडेल लावून पुन्हा मोजा. तक्ता मुलांनीच करावा आणि पालकसभेतही त्यांनीच वाचून दाखवावा.

आणि शाळेच्या कपाटात वेगवेगळ्या मापांच्या चारसहा चड्ड्या व कपडे बदलायला एक बंद खोली असू द्यावी. खर्च फार नाही. मग एखादी मुलगी घसरली तर तिला खरेच जमत नाही का, हे निदान तपासून पाहता येईल.