माळवदाची कुळकथा

1853 साली निजामाने नळदुर्गचा मुलूख इंग्रजांच्या हवाली केला आणि इंग्रज अधिकारी मेडोज टेलर तिथला कारभार पाहू लागला. 1860 मध्ये मुलूख पुन्हा निजामाकडे गेला. व्हिक्टोरिया राणीच्या त्या काळात विलायतेत भाजक्या विटांची, उतरत्या छपरांची घरे रांगेने उभी राहत होती. नळदुर्ग ज्यात येते त्या धाराशिवच्या गावोगावी मात्र माळवदाचेच, म्हणजे सपाट मातीच्या छताचेच, वाडे बांधले जात होते. अंमल बदलला तरी ही रीत टिकली, कारण ती इथल्या हवापाण्यातून आलेली होती.

बालाघाटाच्या या पठारावर पाऊस बेताचा आणि ऊन कडक. उतरत्या छपराची निकड नव्हती. काळा दगड पायाखालीच होता. तो मातीत रचून दोन-तीन फूट जाडीच्या भिंती उभ्या राहत. आत लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, त्यांवर किलचण, म्हणजे बारीक लाकडांचा थर, आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीचा थर. घर केवढे, ते खणांवर, म्हणजे दोन तुळयांमधल्या जागांवर, सांगत. उजेडासाठी माळवदात सवणे, पावसाच्या पाण्यासाठी पन्हळ. भर वैशाखात आत गारवा राही, माळवदावर दिवसा वाळवण पडे आणि रात्री अंथरुणे.

माती यायची जुन्या वस्तीच्या पांढरीतून. तेर म्हणजे प्राचीन तगर. तिथल्या पांढरीच्या टेकाडांत सातवाहन काळ दडलेला आहे. रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवलेल्या तेरच्या अवशेषांतूनच तिथले संग्रहालय उभे राहिले.

गळती थांबवायला पावसाळ्याआधी माळवदावर नवी माती पडे, जुनी क्वचितच निघे. पिढ्यान्‌पिढ्या ओझे वाढत गेले. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंप झाला. किल्लारीबरोबर सास्तूरही उद्ध्वस्त झाले, हजारो माणसे दगडमातीखाली गेली. दोष माळवदाच्या माथी आला. पण जिथे माळवदाचा भार भक्कम खांबांवर होता, तिथे भिंती ढासळूनही कित्येक माळवदे तोलून राहिली. जिथे तुळया थेट भिंतींवर टेकलेल्या होत्या, तिथे सारेच कोसळले. भिंतींचे दोन्ही पदर सांधणारे आरपार दगड नसल्याने त्या मधोमध फाटल्या.

म्हणून उरलेले वाडे सरसकट पाडू नयेत. जादा माती उतरवावी, किडके खांब बदलावेत, भिंतींत आरपार दगड बसवावेत. गारव्याचे हे ज्ञान तापत्या उन्हाळ्यांत आपल्याला लागणार आहे, आणि ते जाणणारे गवंडी-सुतार अजून गावांत आहेत.