शहाजीराजांची चाकरी आणि फुटबॉल-संघांवरील बंदी

अंधेरीच्या पश्चिमेस वीरा देसाई मार्गावर बृहन्मुंबई महानगरपालिकेचें जें क्रीडासंकुल १९८८ सालीं उभें राहिलें, त्यास शहाजीराजे भोसले ह्यांचें नांव आहे. तेथील मैदानावर २०१६ सालापासून मुंबई सिटी ह्या फुटबॉल-संघाचे सामने होऊं लागले. नांव देतेवेळीं कोणाच्या मनांत खेळाडूंच्या चाकरीपालटाचा विचार आला असेल असें आम्हांस वाटत नाहीं. तरी योग असा कीं, ज्या पुरुषानें निजामशाही, आदिलशाही व मोगल ह्या तीन दरबारांची चाकरी वेळोवेळीं धरली व सोडली, आणि ज्याच्या पुढील चाकरीविषयीं दोन पातशहांना आपल्या तहांत निराळें कलम घालावें लागलें, त्याच्याच नांवाच्या मैदानाशीं अलीकडच्या एका गाजलेल्या खेळाडू-प्रकरणाचा धागा बांधलेला आहे. हीं दोन प्रकरणें शेजारीं ठेवून पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. फुटबॉल हा विषय ह्या त्रैमासिकाच्या वाचकांस परका वाटेल. परंतु करार, दाखला, तक्रार आणि निवाडा हे कागद परके वाटूं नयेत.

प्रथम अर्वाचीन प्रकरण सांगतों. अन्वर अली हा पंजाबचा, बचावाच्या फळींत खेळणारा खेळाडू. २०१७ सालीं भारतांत सतरा वर्षांखालील मुलांची जी विश्वचषक-स्पर्धा झाली तींत तो भारताकडून खेळला. २०१९ सालीं मुंबई सिटीनें त्यास घेतलें. पण करारानंतरच्या वैद्यकीय तपासणींत त्याच्या हृदयांत दोष आढळला आणि मुंबईकडून खेळण्याचें राहून गेलें. २०२० सालीं अखिल भारतीय फुटबॉल महासंघानें त्याचा सरावही थांबविला. तो दिल्ली उच्च न्यायालयांत गेला व तेथें त्यास तात्पुरता दिलासा मिळाला. पुढें २०२१ सालीं तो दिल्ली एफसीकडून मैदानांत उतरला, २०२२ च्या जानेवारींत त्या संघानें त्यास गोव्याच्या संघाकडे उसना दिला, आणि २०२३ सालीं कलकत्त्याच्या मोहन बागानकडे उसना दिला. ही दुसरी उसनवार चार वर्षांची होती. म्हणजे मालकी दिल्लीची आणि चाकरी कलकत्त्याची, अशी ही व्यवस्था. वतन एकाचें आणि वहिवाट दुसऱ्याची, असले कागद ज्यांनीं चाळले आहेत त्यांस ह्यापुढें काय होणार हें सांगावयास नको.

२०२४ च्या जुलैंत अन्वर अलीनें मोहन बागानशीं असलेला करार एकतर्फी मोडला, तो दिल्लीकडे परतला, आणि दिल्लीनें त्यास ईस्ट बंगालला पांच वर्षांच्या करारानें दिलें. मोहन बागानची स्थापना १८८९ ची व ईस्ट बंगालची १९२० ची. ह्या दोन संघांचें हाडवैर सर्वश्रुत आहे. तिकडे ह्या प्रकारास ‘दलबदल’ म्हणतात, आणि एकेकाळीं दलबदलाच्या दिवसांत खेळाडूंस लपवून ठेवण्यापर्यंत मजल जात असे. परंतु ह्या खेपेस भांडण रस्त्यावर न होतां महासंघाच्या खेळाडू-दर्जा समितीपुढें गेलें. १० सप्टेंबर २०२४ रोजीं समितीनें निकाल दिला. सबळ कारण नसतां करार मोडला असें ठरवून अन्वर अलीस चार महिने खेळण्याची मनाई झाली. ईस्ट बंगाल व दिल्ली एफसी ह्या दोन्ही संघांस पुढील दोन नोंदणी-मुदतींत नवीन खेळाडू घेण्याची बंदी झाली, आणि तिघांनीं मिळून मोहन बागानास १२ कोटि ९० लक्ष रुपये भरपाई द्यावी असें ठरलें.

ही शिक्षा समितीनें मनानें काढलेली नव्हती. फिफाच्या नियमावलीचें सतरावें कलम ह्या विषयाचें आहे. करार केल्यावर पहिलीं कांहीं वर्षें संरक्षित समजलीं जातात. त्या अवधींत जो खेळाडू सबळ कारणाविना करार मोडील त्यास निदान चार महिने मनाई, आणि ज्या संघानें त्यास फितविलें त्यास दोन मुदती नोंदणीबंदी, असें तेथें लिहिलेलें आहे. स्पेनमधील बार्सिलोना ह्या संघास २०१४ सालीं आणि लंडनच्या चेल्सीस २०१९ सालीं अशीच दोन मुदतींची बंदी झाली. तेथें अपराध निराळा, म्हणजे परदेशांतील अल्पवयी मुलांची नोंदणी करण्याचा होता. चेल्सीची बंदी अपिलांत निम्मी झाली. आपल्याकडे केरळ, हैदराबाद व स्वतः ईस्ट बंगाल ह्यांस फिफाकडून पूर्वीं नोंदणीबंदी झालेली आहे. परंतु ती खेळाडूंचें वेतन थकविल्याबद्दल. थकबाकीची बंदी पैसे भरले कीं उठते. फितवाफितवीची बंदी तशी उठत नाहीं, आणि म्हणूनच ती संघांस झोंबते.

आतां तीनशें अठ्ठ्याऐशीं वर्षें मागें जाऊं. इ. स. १६३६ च्या मे महिन्यांत शहाजहान व मुहम्मद आदिलशहा ह्यांच्यामध्यें तह झाला. निजामशाही संपवून तिचा मुलूख दोघांनीं वांटून घ्यावा, आदिलशहानें वीस लक्ष रुपये द्यावे, इत्यादि कलमें प्रसिद्धच आहेत. त्यांतील दोन कलमें आमच्या विषयाचीं आहेत. एक असें कीं, एका पातशहानें दुसऱ्याचे सरदार फितवून आपल्या चाकरींत घेऊं नयेत. दुसरें असें कीं, शहाजी भोसले ह्यानें जुन्नर, त्र्यंबक वगैरे किल्ले मोगलांच्या स्वाधीन केल्याशिवाय विजापूरकरांनीं त्यास चाकरींत ठेवूं नये. शहाजहानानें आपल्या तळहाताचा शेंदरी ठसा उमटवून हा करार विजापुरीं पाठविला. फितवाफितवीची मनाई आणि ना-हरकत दाखल्यावांचून नोंदणी नाहीं हे आजच्या नियमावलीचे जे दोन खांब, ते दोन्ही येथें उभे आहेत.

शहाजीराजांनीं तो तह मानला नाहीं. निजामशाही वंशांतील एका लहान मुलास गादीवर बसवून ते त्याच्या नांवानें लढत होते. मोगलांचा खानजमान व विजापूरचा रणदुल्लाखान असे दोघे त्यांच्या पाठीवर आले. शेवटीं माहुलीच्या किल्ल्यांत ते कोंडले गेले. मुलुंडहून मध्य रेल्वेनें आसनगावास उतरलें कीं हा किल्ला समोर दिसतो. तेथें १६३६ च्या अखेरीस त्यांनीं तो मुलगा व किल्ले मोगलांच्या हवालीं केले आणि मगच ते आदिलशाहींत रुजू झाले. एका दाखल्याची एवढी किंमत कोणा खेळाडूनें दिल्याचें आम्हीं अद्याप वाचलेलें नाहीं.

मागल्या पालटांविषयींही दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण ‘सबळ कारण’ म्हणजे काय हें त्यांत दिसतें. १६२९ च्या जुलैंत निजामशहानें दौलताबादेस दरबारांत लखुजी जाधवरावांचा घात करविला. जाधवराव हे शहाजीराजांचे श्वशुर. त्यानंतर राजांनीं निजामशाही सोडली व १६३० च्या सुमारास मोगलांची पंचहजारी मनसब घेतली. पुढें त्यांस दिलेल्या जहागिरींतील मुलूख शहाजहानानें मलिक अंबराचा मुलगा फत्तेखान ह्यास परत दिला, तेव्हां १६३२ सालीं त्यांनीं मोगलही सोडले. मोगल बखरनविसांस ही बेइमानी वाटली. परंतु एके ठिकाणीं आप्ताचा खून झाला आणि दुसरे ठिकाणीं ठरलेलें वेतन काढून घेतलें. आजच्या नियमांप्रमाणेंही दोन महिन्यांचें वेतन थकलें असतां, योग्य मुदतीची नोटीस देऊन करार मोडण्याची मुभा खेळाडूस आहे. तेव्हां निदान १६३२ च्या पालटास सबळ कारण होतें असा निवाडा द्यावयास आम्हांस अडचण वाटत नाहीं.

ह्या दोन्ही प्रकरणांत मुख्य साम्य आम्हांस असें दिसतें कीं, चाकरीपालटाचा कायदा हा मूळचा धन्याधन्यांमधील तह आहे. ज्याच्या चाकरीचा प्रश्न तो तहाच्या कागदावर सही करणारांत नसतो. १६३६ चा कागद दोन पातशहांचा. शहाजीराजे त्यांत केवळ विषय म्हणून येतात. इंग्लंडांत १८९३ सालीं फुटबॉल लीगनें जो नियम केला तोही संघासंघांनीं आपसांत केलेला होता. करार संपला तरी संघाची मर्जी असेपर्यंत खेळाडूनें दुसरीकडे जाऊं नये, असा तो नियम. तो मोडावयास सत्तर वर्षें लागलीं. १९६३ सालीं न्यूकॅसलच्या जॉर्ज ईस्टहॅम ह्यानें न्यायालयांतून तो गैरवाजवी ठरवून घेतला. १९९५ सालीं बेल्जियमच्या बॉस्मन ह्यानें युरोपच्या न्यायालयांत आणखी पुढची पायरी गांठली. करार संपलेल्या खेळाडूबद्दल युरोपीय संघांनीं एकमेकांकडे पैसे मागण्याची रीत तेव्हां बंद पडली. फिफाची हल्लींची नियमावली ह्याच दडपणाखालीं २००१ सालीं नव्यानें तयार झाली.

संघांस दिलेली शिक्षा खेळाडूच्या माथीं कशी येते ह्याचें सर्वांत ठसठशीत उदाहरण लीड्स सिटीचें आहे, आणि तें कागदपत्रांच्या अभ्यासकांनीं अवश्य लक्षांत ठेवण्याजोगें आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळांत पाहुण्या खेळाडूंस बेकायदा पैसे दिल्याचा आरोप त्या संघावर आला. चौकशी-मंडळानें हिशेबाच्या वह्या मागितल्या. संघानें त्या दिल्या नाहींत. १९१९ च्या ऑक्टोबरांत, हंगामाचे आठ सामने झाल्यावर, संघ लीगमधून काढून टाकण्यांत आला, आणि १७ ऑक्टोबर रोजीं लीड्स येथील मेट्रोपोल हॉटेलांत त्याच्या खेळाडूंचा लिलांव झाला. दप्तर लपविलें चालकांनीं आणि लिलांवांत उभे राहिले खेळणारे. दप्तर दडविण्याची खोड केवळ आमच्या वतनदारांचीच आहे असें समजणारांनीं हें प्रकरण पाहावें.

आतां पुनः २०२४ कडे वळूं. समितीचा निकाल तीनच दिवस टिकला. अन्वर अली व दोन्ही संघ दिल्ली उच्च न्यायालयांत गेले. निकालास कारणें जोडलेलीं नाहींत हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. १३ सप्टेंबर रोजीं महासंघानें न्यायालयापुढें तो निकाल मागें घेतला आणि सर्वांचें म्हणणें नव्यानें ऐकावयाचें ठरलें. अन्वर अली त्या हंगामांत ईस्ट बंगालकडून खेळला.

ह्या ठिकाणीं आमचें मत स्पष्ट लिहितों. दुसऱ्याचा करारबद्ध खेळाडू फितवून नेणाऱ्या संघास नोंदणीबंदी असावी, ती नसेल तर धनवान संघ कोणताही करार टिकूं देणार नाहींत. तथापि ह्या प्रकरणांत कायद्याचा प्रश्न सरळ नव्हता. १ जुलै २०२२ पासून फिफानें उसनवारीची मुदत जास्तींत जास्त एक वर्ष ठरविली, आणि देशोदेशींच्या महासंघांस आपले घरचे नियम जुळवून घेण्यास तीन वर्षांची सवलत दिली. चार वर्षांची उसनवार झाली ती ह्या सवलतीच्या काळांत. ती चालते कीं नाहीं, ह्यावर दोन्ही बाजूंनीं बोलण्यासारखें पुष्कळ आहे. आणि नेमकें अशाच ठिकाणीं कारणें लिहावीं लागतात. आपल्या जुन्या निवाडपत्रांची रीत पाहावी. आधीं अग्रवादीची तकरीर, मग पश्चिमवादीची तकरीर, मग साक्षी व भोगवट्याचे पुरावे, आणि सर्वांच्या शेवटीं निवाडा. एखादें निवाडपत्र तकरिरींवांचून नुसत्या निवाड्याचें मिळालें तर आपण त्यास अपुरें म्हणतों, आणि त्याच्या अस्सलपणाविषयीं शंका घेतों. पेशवाईंतील खेड्याच्या गोतसभेस जें समजत होतें तें १२ कोटि ९० लक्षांचा निकाल देतांना सुटावें हें आश्चर्य आहे.

दुसरा मुद्दा पुराव्याच्या भाराचा. सतराव्या कलमांत असें गृहीत धरलें होतें कीं, करार मोडून आलेल्या खेळाडूस जो संघ घेईल त्यानेंच त्यास फितविलें. तसें नसेल तर त्यानें सिद्ध करावें. ४ ऑक्टोबर २०२४ रोजीं, म्हणजे अन्वर अलीचा निकाल मागें घेतल्यास महिनाही झाला नव्हता तों, युरोपियन न्यायालयानें लसाना दियारा ह्या फ्रेंच खेळाडूच्या दाव्यांत हें गृहीतक व नव्या संघावरील सरसकट जबाबदारी युरोपीय कायद्याविरुद्ध ठरविली. त्यानंतर फिफानें तात्पुरते नियम केले. त्यांप्रमाणें फितविल्याचें शाबीत झालें तरच नवा संघ भरपाईस जबाबदार होतो. अर्थात् ज्या कलमावर दिल्ली व ईस्ट बंगाल ह्यांची शिक्षा उभी होती त्या कलमाचाच पाया त्याच सुमारास हालला.

१६३६ च्या तहांतही हाच दोष होता. राजांस कोणी फितविलें, कीं ते आपण होऊन आले, ह्याचा विचार तेथें नाहीं. तहाचा मजकूर आपणांस मुख्यतः अब्दुल हमीद लाहोरीच्या पातशहानाम्यावरून कळतो, म्हणजे एका पक्षाच्या दरबारी लेखकाकडून. शहाजीराजांची तकरीर त्यांत नाहीं.

मुंबईच्या फुटबॉलचीं दप्तरें हा विषय येथें ओघानें येतो. रोव्हर्स चषक १८९१ पासून खेळला जाऊं लागला आणि वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन १९११ ची. पुढें टाटा, मफतलाल, महिंद्र अशा कारखान्यांचे व पेढ्यांचे संघ झाले. तेथें खेळाडू हा नोकरही असे, आणि त्याचें संघांतर म्हणजे राजीनामा व नवें नेमणूकपत्र. महिंद्र युनायटेड हा २००५-०६ सालचा राष्ट्रीय विजेता संघ २०१० सालीं बंद झाला. संघ मोडला कीं दप्तराचा वाली उरत नाहीं. अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली ह्या भागांत राहणाऱ्या जुन्या खेळाडूंच्या घरीं नेमणूकपत्रें, नोंदणीचे अर्ज, मनाईचीं पत्रें असण्याचा पुष्कळ संभव आहे. रद्दींत जाण्यापूर्वीं अशा कागदांच्या नकला, तारीख व शिक्के जसेच्या तसे उतरून, कोणी धाडल्यास त्या ह्या त्रैमासिकांत छापाव्यात अशी आमची संपादकांस विनंती आहे.