गटांची फेरमांडणी आणि जुन्या लढतींचे जतन : अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉल

अमेरिकेत लंबगोल चेंडूने खेळल्या जाणाऱ्या महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये विद्यापीठांच्या संघसमूहाला कॉन्फरन्स म्हणतात. हंगामात प्रत्येक संघाच्या वाट्याला साधारणपणे बारा सामने येतात आणि त्यांपैकी आठ किंवा नऊ कॉन्फरन्समधील संघांशी होतात. सदस्यसंख्या वाढली की प्रत्येकाशी दरवर्षी खेळणे शक्य होत नाही. अशा वेळी शतकभर चालत आलेल्या लढतींचे काय करायचे, हा प्रश्न उभा राहतो.

या प्रश्नाचे मूळ एका नियमात आहे. बारा सदस्य असलेल्या कॉन्फरन्सने दोन गट पाडून गटविजेत्यांमध्ये अंतिम सामना खेळवावा, अशी सोय एनसीएए या राष्ट्रीय क्रीडा संघटनेच्या नियमांत होती. सर्वोच्च श्रेणीत तिचा पहिला वापर साउथईस्टर्न कॉन्फरन्सने १९९२ मध्ये केला. अंतिम सामन्यातून मिळणारे उत्पन्न मोठे असल्याने इतरांनीही तीच वाट धरली. मात्र दोन जुने प्रतिस्पर्धी वेगवेगळ्या गटांत पडले, तर त्यांची वार्षिक भेट आपोआप खंडित होते.

याचे सर्वांत ठळक उदाहरण नेब्रास्का आणि ओक्लाहोमा यांचे आहे. हे संघ १९२८ पासून दरवर्षी खेळत होते. १९७१ मधील नेब्रास्काचा ३५-३१ असा विजय आजही शतकातील सामना म्हणून ओळखला जातो. १९९६ मध्ये बिग ट्वेल्व्ह कॉन्फरन्स अस्तित्वात आली, तेव्हा नेब्रास्का उत्तर गटात आणि ओक्लाहोमा दक्षिण गटात गेले. विरुद्ध गटातील संघांशी दोन वर्षे सामने आणि पुढील दोन वर्षे विश्रांती असे चक्र ठरले व त्यात एकही लढत राखून ठेवली गेली नाही. परिणामी १९९८ मध्ये सत्तर वर्षांची परंपरा खंडित झाली.

पुढे याच नेब्रास्काच्या प्रवेशामुळे बिग टेन कॉन्फरन्सपुढे तोच पेच उभा राहिला. नावात दहा असले तरी तिची सदस्यसंख्या २०११ मध्ये बारा झाली. गटांची मांडणी १ सप्टेंबर २०१० रोजी जाहीर झाली, तीत मिशिगन एका गटात आणि ओहायो स्टेट दुसऱ्या गटात होते. या दोघांची पहिली लढत १८९७ मध्ये झाली होती, १९१८ पासून ती दरवर्षी होत होती आणि १९३५ पासून नियमित हंगामाचा अखेरचा सामना म्हणून तिचे स्थान ठरलेले होते. दोघेही गटविजेते ठरले तर आठवडाभरातच पुन्हा समोरासमोर येतील, म्हणून ही लढत हंगामात आधी खेळवावी असा विचार पुढे आला. त्यावर दोन्ही विद्यापीठांच्या चाहत्यांनी तीव्र नाराजी व्यक्त केली. अखेर सामना शेवटच्या आठवड्यातच राहिला. ज्या पुनर्भेटीची धास्ती होती, ती त्या मांडणीच्या तीन हंगामांत एकदाही घडली नाही!

ही लढत टिकली ती राखीव सामन्याच्या तरतुदीमुळे. प्रत्येक संघाला विरुद्ध गटातील एक कायमचा प्रतिस्पर्धी देण्यात आला. मिनेसोटा आणि विस्कॉन्सिन यांची १९०७ पासून अखंड चाललेली लढतही अशीच वाचली. तथापि या तरतुदीची किंमत असते. आठ सामन्यांपैकी पाच स्वतःच्या गटात आणि तीन विरुद्ध गटाशी. त्यांतील एक कायमचा ठरला, की उरलेल्या पाच संघांसाठी दोनच जागा राहतात. आयोवा आणि विस्कॉन्सिन हे शेजारी राज्यांतील संघ या हिशोबात सापडले व २०११ आणि २०१२ मध्ये परस्परांशी खेळलेच नाहीत. एक लढत राखणे म्हणजे दुसरी विरळ करणे होय, ही बाब चाहत्यांच्या रोषात बहुधा हरवते.

सदस्य चौदा झाल्यावर तर ओढाताण अधिकच वाढली. साउथईस्टर्नमध्ये २०१२ ते २०२३ या बारा हंगामांत जॉर्जिया आणि टेक्सस ए अँड एम यांची गाठ केवळ एकदा, २०१९ मध्ये पडली. मात्र १८९२ मध्ये सुरू झालेली जॉर्जिया-ऑबर्न लढत राखीव असल्याने अबाधित राहिली. अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये तर नॉर्थ कॅरोलायना आणि वेक फॉरेस्ट या एकाच राज्यातील सदस्यांनी २०१९ मध्ये आपसांत ठरवून सामना खेळला आणि तो कॉन्फरन्सच्या गुणतक्त्यात धरला गेला नाही.

बिग टेनने २०१४ मध्ये ‘लेजंड्स’ आणि ‘लीडर्स’ ही थट्टेचा विषय झालेली नावे टाकून पूर्व व पश्चिम असे गट केले. मिशिगन आणि ओहायो स्टेट एकाच गटात आले आणि विरुद्ध गटांतील एकच राखीव लढत उरली, ती इंडियाना आणि परड्यू यांची. मिशिगन आणि मिनेसोटा यांच्यात १९०३ पासून फिरणाऱ्या तपकिरी सुरईची लढत मात्र वार्षिक राहिली नाही.

एनसीएएने मे २०२२ मध्ये गटांचे बंधन काढून टाकले. बिग टेन आणि साउथईस्टर्न यांनी २०२४ च्या हंगामापासून गट रद्द केले. अठरा सदस्यांच्या बिग टेनने त्या हंगामापासून बारा लढती वार्षिक म्हणून राखल्या. त्यांपैकी तीन आयोवाच्या वाट्याला आल्या, पेन स्टेटच्या वाट्याला एकही नाही. तपकिरी सुरईची लढत त्या यादीत नव्हती.