हॅरी हुडिनी : बेड्यांतून निसटणारा, भोंदूगिरी उघडी पाडणारा

हातकड्या, साखळदंड, तुरुंगाच्या कोठड्या आणि पाण्याने भरलेल्या पेट्या यांतून सहीसलामत बाहेर पडणारा जादूगार म्हणून हॅरी हुडिनीचे नाव जगभर परिचित आहे. मात्र मृतात्म्यांशी संवाद साधून देण्याच्या नावाखाली चाललेल्या फसवणुकीविरुद्ध त्याने दिलेला लढा त्याच्या सुटकेच्या प्रयोगांइतकाच महत्त्वाचा आहे.

हुडिनीचे मूळ नाव एरिक वाइस. त्याचा जन्म २४ मार्च १८७४ रोजी हंगेरीतील बुडापेस्ट येथे झाला. वडील ज्यू धर्मगुरू होते. १८७८ मध्ये हे कुटुंब अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातील ॲपल्टन येथे आले. घरची परिस्थिती हलाखीची असल्याने एरिकला लहान वयातच कामधंदा शोधावा लागला. फ्रेंच जादूगार रॉबर्ट-हुडिन याच्या प्रभावातून त्याने 'हुडिनी' हे नाव घेतले. १८९४ मध्ये त्याने बेसशी विवाह केला आणि रंगमंचावरही ती त्याची सहकारी झाली.

प्रारंभीची काही वर्षे उपेक्षेतच गेली. १८९९ मध्ये नाट्यव्यावसायिक मार्टिन बेक यांनी त्याच्या हातकड्यांच्या प्रयोगातील सामर्थ्य ओळखले आणि १९०० मध्ये त्याने युरोप गाजवायला सुरुवात केली. १९१२ मध्ये बर्लिनमध्ये सादर केलेला प्रयोग सर्वाधिक गाजला. त्यात पाय लाकडी चौकटीत जखडून त्याला काचेच्या दर्शनी भागाच्या, पाण्याने भरलेल्या पेटीत उलटे सोडले जाई. कुलपांचा सखोल अभ्यास, लपविलेली अवजारे, कमावलेले शरीर आणि श्वासावरील ताबा हे त्याच्या यशाचे खरे रहस्य होते. आपल्याकडे दैवी शक्ती असल्याचे तो ठामपणे नाकारत असे.

१९१३ मध्ये आईच्या निधनाने हुडिनी खचून गेला. पहिल्या महायुद्धानंतर घरोघरी शोक असताना प्लँचेटसारख्या प्रकारांना उधाण आले होते. शेरलॉक होम्सचे जनक सर आर्थर कॉनन डॉइल हे या पंथाचे खंदे पुरस्कर्ते आणि हुडिनीचे मित्र. १९२२ मध्ये अटलांटिक सिटी येथे लेडी डॉइल यांनी त्याच्या आईचा संदेश म्हणून अनेक पाने लिहून काढली. संदेश इंग्रजीत होता आणि आरंभी क्रूसाचे चिन्ह होते. आई धर्मगुरूची पत्नी, आणि तिला इंग्रजी जेमतेमच येत असे. या प्रसंगावरून पुढे मैत्रीत कायमची तेढ आली.

त्यानंतर हुडिनी वेषांतर करून अशा बैठकांना जाऊ लागला आणि त्यांतील क्लृप्त्या जाहीर करू लागला. 'सायंटिफिक अमेरिकन' नियतकालिकाने जाहीर केलेल्या पारितोषिकासाठीच्या परीक्षण समितीचाही तो सदस्य होता. १९२४ मध्ये त्याने बोस्टनच्या 'मार्जरी' या ख्यातनाम माध्यमावर लबाडीचा आरोप केला. पुढे तिला पारितोषिक नाकारण्यात आले. १९२६ मध्ये पैसे घेऊन भविष्यकथन करण्यास प्रतिबंध करणाऱ्या विधेयकाच्या बाजूने त्याने अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे साक्ष दिली. जादूगार फसवतो ते प्रेक्षकाला सांगून. दुःखिताची असहायता विकणे हा मात्र गुन्हा, अशी त्याची भूमिका होती.

ऑक्टोबर १९२६ मध्ये माँट्रिअल येथे एका विद्यार्थ्याने त्याच्या पोटावर ठोसे मारले. पुढे तीव्र ताप असतानाही त्याने डेट्रॉइटमध्ये प्रयोग केला. अपेंडिक्स फुटून झालेल्या जंतुसंसर्गाने ३१ ऑक्टोबर रोजी, वयाच्या ५२ व्या वर्षी, त्याचे निधन झाले. तो पाण्याच्या पेटीत मरण पावल्याचा समज १९५३ च्या चित्रपटामुळे दृढ झाला. त्यात तथ्य नाही.

मृत्यूनंतर संपर्क शक्य असेल तर कळावा म्हणून त्याने बेसबरोबर एक सांकेतिक संदेश ठरविला होता. १९२९ मध्ये एका माध्यमाने तो मिळाल्याचा दावा केला. बेसने तो नंतर अमान्य केला. दहा वर्षे वाट पाहून १९३६ मध्ये तिने हा प्रयत्न थांबविला. हुडिनीचा जादूविषयक ग्रंथसंग्रह आज वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे. जेम्स रँडी (१९२८-२०२०) यांच्यासारख्या जादूगारांनी भोंदूगिरी उघड करण्याचा त्याचा वारसा पुढे नेला.