फुटका रांजण आणि घासलेटचा डबा

नागपूरच्या उत्तरेस, पेंच नदीच्या मुलुखांत पारशिवनी हें गांव आहे. पूर्वीं तें रामटेक तहसिलींत मोडत असे. आतां तेंच तालुक्याचें ठाणें झालें आहे. पुण्यामुंबईकडील पाहुणा या बाजूस आला आणि त्यानें स्वयंपाकघरांत 'सांबार' हा शब्द ऐकला, म्हणजे त्याच्या डोळ्यांपुढें मद्रासी आमटी उभी राहते. वऱ्हाड-नागपुराकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि कढीलिंबाचें नांव गोड निंब. या दोहोंच्या जोडीस पुदिना, गवती चहा आणि पानओवा. या पांच वनस्पतींचा इतिहास लिहूं जातां तो शेतीचा न होतां मोडक्या भांड्यांचाच होतो.

त्याचें कारण हवा आणि पाणी. नागपुराकडील उन्हाळा सर्वश्रुत आहे. वैशाखांत पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, आणि सांबारासारखें कोवळें रोप उघड्या वाफ्यांत तग धरीत नाहीं. उन्हाचा चटका बसतांच तें पानें सोडून फुलावर जातें. विहिरीचें पाणी शेंदून डोक्यावरून आणणें हें काम बायकांचें. अशा घरांत मूठभर सांबारासाठीं वाफा भिजविणें परवडण्याजोगें नव्हतें. भांड्यांतील रोपास मात्र तांदूळ-डाळीचें धुवण पुरे होई, आणि ऊन फिरेल तसें भांडें भिंतीच्या सावलींत सरकवितां येई. पुदिन्याची गोष्ट निराळी. तो जमिनींत मोकळा सोडला तर धांवत सुटतो आणि शेजारच्या रोपांस जगूं देत नाहीं. त्यास भांड्याचा कोंडवाडाच बरा.

हें भांडें विकत आणावें लागत नसे. कुंभाराच्या माठांतील पाणी थंड राहतें तें त्याच्या सूक्ष्म छिद्रांतून ओल पाझरून वाऱ्यावर उडून जाते म्हणून. एकदोन उन्हाळे गेले कीं पाण्यांतील क्षारांनीं तीं छिद्रें बुजत जातात, पाणी कोमट लागूं लागतें आणि घरांत नवा माठ येतो. जुना माठ फुटलेला नसतो, केवळ निवृत्त झालेला असतो. शिवाय ग्रहण किंवा सुतक झालें म्हणजे मातीचीं भांडीं टाकून देण्याची चाल पुष्कळ घरांत होती. तेव्हां परसांत मडक्यांची वाण कधींच पडली नाहीं. रोपाच्या भांड्यास बुडाशीं छिद्र लागतें. तडा गेलेल्या रांजणास तें आयतेंच असे. गळका रांजण पाण्यास निरुपयोगी, सांबारास उत्तम. धणे दगडाखालीं किंवा वहाणेच्या टांचेखालीं रगडून दुभंगावयाचे, रात्रभर भिजवावयाचे आणि राख-शेणखत मिसळलेल्या मातींत पेरावयाचे, ही रीत पुस्तकावांचून सासूकडून सुनेकडे येत गेली. धणा हा मुळांत दोन बियांचें जोडफळ आहे, हें वनस्पतिशास्त्र तिच्या टांचेस ठाऊक होतें.

ही युक्ति एकट्या या मुलुखाची नव्हे. प्राचीन अथेन्समधील स्त्रिया अॅडोनिसच्या उत्सवांत फुटक्या मडक्यांत माती घालून लेट्यूस आणि बडीशेप पेरीत व उत्सवानंतर तीं सुकलेलीं रोपें टाकून देत. आपल्याकडील घटस्थापनेशीं याचें साम्य सहज दिसतें. त्याहून अधिक नातें जोडणें धाडसाचें होईल. अथेन्सची बाग सुकण्यासाठींच लावलेली असे, पारशिवनीची रोजच्या वरणासाठीं.

मातीच्या या राज्यांत पत्र्याचा शिरकाव झाला तो घासलेटामुळें. १८६७ सालीं आगगाडी नागपुरास पोहोंचली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत परदेशी घासलेट हिंदुस्थानांत येऊं लागलें, तें पत्र्याच्या चौकोनी डब्यांतून. एका डब्यांत सुमारें चार गॅलन, म्हणजे अठरा लिटर तेल, आणि एका लाकडी पेटींत असे दोन डबे. या डब्याची थोरवी लंडनच्या एका व्यापाऱ्यास ठेच लागून कळली. मार्कस सॅम्युअल यानें १८९२ सालीं 'म्यूरेक्स' नांवाचें टाकीचें जहाज बाटूम बंदरांत रशियन तेलानें भरून सुवेझच्या कालव्यांतून पूर्वेकडे धाडलें. सुटें तेल स्वस्त पडेल आणि लोक आपापलीं भांडीं घेऊन येतील, असा त्याचा हिशेब होता. लोक आले नाहींत. त्यांस तेलाइतकाच अमेरिकन स्टँडर्ड कंपनीचा निळा डबाहि हवा होता. त्याच्या पत्र्यानें छप्पर शाकारीत, त्याचे पेले आणि पिंजरे करीत. अखेर सॅम्युअलला आशियांत कल्हईचा पत्रा पाठवून लाल डबे घडवावे लागले. याच व्यापारांतून पुढें शेल कंपनी उदयास आली. डब्यासाठीं तेल घेणारें गिऱ्हाईक अडाणी होतें असें कोणी म्हणूं नये. तेल महिन्याभरांत संपे, डबा वर्षानुवर्षें टिके.

या डब्यांचा खप एवढा वाढला कीं १९२० सालीं जमशेदपूरजवळ गोलमुरी येथें टिनप्लेट कंपनी स्थापन झाली. तींत बर्मा ऑइल कंपनीचें भांडवल होतें, आणि १९२२ पासून तेथें पत्रा तयार होऊं लागला. ज्या जमशेटजींच्या नांवानें तें शहर वसलें, त्यांनींच १८७७ सालीं नागपुरांत एम्प्रेस मिल सुरू केली होती, ही ओळख नागपूरकरांस सांगावयास नको.

डबा परसांत आला, पण माठाची सर त्यास आली नाहीं. पत्रा उन्हांत तापतो व मुळें भाजतात. म्हणून त्यास गोणपाट गुंडाळून तें ओलें ठेवावें लागे. कापलेल्या कडेनें मुलांचे हात चिरत. दोनतीन पावसाळ्यांत बूड गंजून गळे. तरीहि गोड निंबासारख्या खोल मुळांच्या झाडास तो उंच डबाच सोयीचा पडे, आणि बूड गेलें कीं झाड आपोआप जमिनींत उतरे.

आतां घासलेटचा डबा घरांतून जवळजवळ नाहींसा झाला आहे. शहरांत हौशी लोक मुद्दाम गंजका रंग दिलेल्या नव्या कुंड्या विकत घेतात. त्याची थट्टा करण्याचें कारण नाहीं. सज्जांत सांबार उगवला तरी पुष्कळ झालें. नागपुरांतील त्या सज्जांना पाणी पुरविणारा एक मोठा जलाशय, नवेगांव खैरीचा, पारशिवनी तालुक्यांतच आहे.

चिंतेची गोष्ट वेगळी आहे. जुन्या टाकाऊ भांड्यांत पाणी, धान्य किंवा तेल असे. आजच्या कापूस पिकविणाऱ्या गांवांत सर्वांत सहज हातीं लागणारा रिकामा डबा कीटकनाशकाचा असतो. २०१७ सालीं एकट्या यवतमाळ जिल्ह्यांत फवारणीच्या विषबाधेनें वीसहून अधिक माणसें दगावलीं. १९७१ च्या कीटकनाशक नियमांत असे डबे पुन्हां वापरांत येऊं नयेत म्हणून उघड्यावर टाकूं नयेत, फोडून वस्तीपासून दूर पुरावेत, असें स्पष्ट सांगितलें आहे. तो डबा दिसावयास मजबूत असतो, झांकण घट्ट बसतें, आणि तीनदां धुतल्यावर वासहि येईनासा होतो. घरांतील बाईस तो टाकून देववत नाहीं. परसांत त्याच्या शेजारींच फुटका रांजण पडलेला असतो. पुदिना त्यांतच लावावा.