साउंड हीलिंग सगळ्यांनाच शांत करतं का? ‘ट्रॉमा-इन्फॉर्म्ड’ म्हणजे नेमकं काय?

कुकरची शिट्टी झाली तरी छातीत धडधडतं. दिवाळी जवळ आली की फटाक्यांच्या विचारानेच पोटात गोळा येतो. मिरवणुकीतला डीजे दिसला की रस्ता बदलावासा वाटतो. अशा लोकांना हल्ली एक सल्ला हमखास मिळतो, "साउंड हीलिंग करून बघ, एकदम शांत वाटेल." बऱ्याच जणांना तसं वाटतंही. पण काहींना त्याच सत्रात घाबरायला होतं, रडू कोसळतं किंवा अंग बधिर झाल्यासारखं वाटतं. असं का होतं आणि सत्राला जाण्याआधी काय विचारावं, हे समजून घेऊया.

साउंड हीलिंगमध्ये काय करतात?

सहसा चटईवर डोळे मिटून झोपायला सांगतात. मग धातूचे सिंगिंग बोल, मोठा गाँग, ट्यूनिंग फोर्क अशी वाद्यं वाजवली जातात. यालाच ‘साउंड बाथ’ असंही म्हणतात. म्युझिक थेरपी मात्र वेगळी. त्यात प्रशिक्षित थेरपिस्ट रुग्णाची गरज पाहून उद्दिष्ट ठरवतो आणि प्रगती तपासतो. साउंड हीलिंगची सत्रं मात्र वीकेंडचा कोर्स करूनही घेतली जातात. त्यामुळे घेणारा कोण आहे, याला महत्त्व आहे.

आवाजाने इतका त्रास का होतो?

डोळे मिटता येतात, कान मिटता येत नाहीत. अचानक मोठा आवाज आला की विचार करण्याआधीच मेंदूच्या तळाकडचा भाग स्नायू आखडतो. हे सगळ्यांचंच होतं. पण अपघात, हिंसा, अत्याचार यांतून गेलेल्या काहींच्या बाबतीत ही यंत्रणा सतत सावध राहते. थोडक्यातही जास्त दचकणं हे पीटीएसडीचं मान्य लक्षण आहे. काही जण मुळातच जास्त संवेदनशील असतात. मानसशास्त्रज्ञ इलेन ॲरन यांनी १९९० च्या दशकात या स्वभाववैशिष्ट्याचा अभ्यास मांडला. हा आजार नाही.

प्रश्न फक्त आवाजाचाही नसतो. अनोळखी खोली, मिटलेले डोळे, उताणं झोपणं आणि जवळून कुणीतरी फिरतंय ही जाणीव, एवढंही काहींना जुन्या प्रसंगाची आठवण करून द्यायला पुरेसं असतं. अशा वेळी शरीर दोन टोकांना जाऊ शकतं. एक म्हणजे धडधड आणि घाबरगुंडी. दुसरं म्हणजे गोठून जाणं. गोठलेला माणूस बाहेरून अगदी शांत दिसतो, म्हणून ‘किती छान रिलॅक्स झालाय’ असा गैरसमज होतो.

मग ‘ट्रॉमा-इन्फॉर्म्ड’ म्हणजे काय?

हे कुठलं खास वाद्य किंवा फ्रिक्वेन्सी नाही, ती काम करण्याची पद्धत आहे. अमेरिकेतल्या ‘साम्हसा’ या सरकारी संस्थेने २०१४ साली तिची सहा तत्त्वं मांडली. त्यात सुरक्षितता, पारदर्शकता आणि व्यक्तीला निवडीचा अधिकार यांचा समावेश आहे. आघातात माणसाच्या हातून नियंत्रण गेलेलं असतं. म्हणून इथे ते त्याच्याकडेच राहायला हवं.

प्रत्यक्षात ते असं दिसतं:

• कोणती वाद्यं, किती वेळ, किती मोठ्याने वाजणार, हे आधी सांगितलं जातं. शक्य तर ऐकवलंही जातं.
• डोळे उघडे ठेवणं, बसून राहणं, दाराजवळ जागा घेणं याला मुभा असते.
• विचारल्याशिवाय स्पर्श होत नाही आणि अंगावर बोल ठेवला जात नाही.
• आवाज हळूहळू वाढवतात, गाँगचा एकदम ठोका देत नाहीत.
• थांबवण्याची खूण ठरलेली असते. मध्येच उठून गेलं तरी कुणी कारण विचारत नाही.
• काय सोसलंय ते सांगण्याचा आग्रह नसतो.

याचा उपयोग होतो, याला पुरावा आहे का?

थोडा आहे. कॅलिफोर्नियातल्या संशोधकांच्या २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ६२ जणांनी सिंगिंग बोलच्या सत्रानंतर ताण आणि थकवा कमी झाल्याचं सांगितलं. पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. त्यामुळे परिणाम बोलचा की नुसतं निवांत पडून राहण्याचा, हे सांगता येत नाही. अमुक हर्ट्झचा आवाज ट्रॉमा बरा करतो, या दाव्याला ठोस आधार नाही. पीटीएसडीसाठी ट्रॉमा-केंद्रित सीबीटी आणि ईएमडीआर हे अभ्यासाने तपासलेले उपचार आहेत. साउंड हीलिंग त्यांच्या जोडीला चालेल, त्यांच्याऐवजी नाही.

अपस्मार, पेसमेकर, गर्भारपण, कानात सतत आवाज येणं, तीव्र मायग्रेन किंवा भास होणं यांपैकी काही असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

सत्रात त्रास झाला तर?

डोळे उघडा, उठून बसा, तळपाय जमिनीवर टेकवा. खोलीतल्या पाच वस्तूंची मनात नावं घ्या. तरीही बरं वाटलं नाही तर बाहेर या. "आतलं बाहेर पडतंय, सहन करा" असं कुणी म्हणालं तरी थांबण्याचा निर्णय तुमचाच आहे.

घरच्या घरी सुरुवात करायची असेल तर भ्रामरीसारखं हलकं गुणगुणणं सोपं आहे. लांब उच्छ्वासाच्या वेळी हृदयाची गती किंचित मंदावते. शिवाय आवाज तुमचाच असल्याने तो कमी करणं किंवा थांबवणं तुमच्या हातात असतं. डोळे उघडे ठेवून तीन-चार वेळा करा. चक्कर आली किंवा अस्वस्थ वाटलं तर तिथेच थांबा.

झोप उडणं, वाईट प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येणं किंवा जगणं नकोसं वाटणं असं होत असेल, तर सत्र बुक करण्याआधी मानसोपचारतज्ज्ञांशी बोला. सरकारच्या ‘टेलि-मानस’ या मोफत हेल्पलाइनवर १४४१६ या क्रमांकावर २४ तास फोन करता येतो.

आणि साउंड हीलिंगला जायचं ठरलंच, तर पैसे भरण्याआधी एकच प्रश्न विचारा, "मला मध्येच थांबायचं असेल तर?" उत्तर देताना समोरचा अडखळला, चिडला किंवा हसला, तर ती जागा तुमच्यासाठी नाही.