सोंगाड्या

सोंगाड्या : तमाशातील विनोदी पात्र. लोकांना हसवत समाजातील अन्याय वेशीवर टांगण्याचे काम फडात प्रामुख्याने त्याच्याकडे असते.

गणानंतरच्या, म्हणजे सुरुवातीच्या गणेशस्तवनानंतरच्या, गौळणीतच या टीकेला सुरुवात होते. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणींना कृष्ण आणि पेंद्या अडवून दाण मागतात. मावशी, म्हणजे लुगडे नेसलेला पुरुष नट, त्यांच्याशी हुज्जत घालते. दाणाचे निमित्त करून कर, लाच, पुढाऱ्यांची आश्वासने यांवर हवे ते बोलून घेता येते. बतावणीत, म्हणजे विनोदी सवाल-जवाबात, सरदार सरळ प्रश्न विचारतो, सोंगाड्या त्याचा भलताच अर्थ लावतो आणि त्यातूनच खरे ते बाहेर पडते. वगात, म्हणजे तमाशातील कथानाट्यात, तो हुजऱ्या किंवा शिपाई होऊन भर दरबारात राजाची अक्कल काढतो. फडातील बहुतेक कलावंत गावाने वेशीबाहेर ठेवलेल्या जातींतले, तर पुढे बसलेले गावकारभारी. ही टीका किती धाडसाची होती, ते यावरून कळते.

सोंगाड्याच्या या आयत्या वेळच्या बोलण्याशी जुळणारी परंपरा इतरत्रही दिसते. सोळाव्या शतकातील इटलीच्या ‘कोमेदिया देल्लार्ते’ या मुखवट्यांच्या नाटकातही कथानकाचा आराखडा ठरलेला असे आणि संवाद नट आयत्या वेळी रचत. कंजूष व्यापारी पांतालोने तिथे चाकरांकडून फजीत होई.

शिरूर तालुक्यातील कवठे येमाई हे तमाशाला लेखक देणारे गाव. येथील लोकशाहीर बशीर मोमीन कवठेकर (१९४७–२०२१) यांनी अनेक फडांसाठी गण, गौळणी, लावण्या आणि वगनाट्ये लिहिली. हुंडा आणि व्यसन हे प्रश्न जत्रेच्या प्रेक्षकांपुढे मांडले. राज्य शासनाने त्यांना २०१८ चा विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार दिला.

सत्यशोधक आणि आंबेडकरी जलशांनी तमाशाचाच बाज प्रबोधनासाठी वापरला. अण्णा भाऊ साठे यांच्या लोकनाट्यांत सोंगाड्या कामगारांच्या बाजूने बोलू लागला. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ (१९६५) या लोकनाट्यामुळे दादा कोंडके यांचा सोंगाड्या शहरी प्रेक्षकांपर्यंत पोहोचला.

लावण्या छापल्या गेल्या, त्यांचा अभ्यासही झाला. बतावणी मात्र त्या रात्रीपुरतीच असे. गावागावांतले पुष्कळसे बोल ती सादर करणाऱ्यांबरोबरच गेले. तमाशातील सर्वांत धारदार समाजटीका याच बोलण्यात होती. हयात असलेल्या सोंगाड्यांच्या बतावण्या ध्वनिमुद्रित करण्याचे काम विद्यापीठांनी आणि अभ्यासकांनी तातडीने हाती घ्यावे.